घटक क्रमांक अकरा

मुलं मला पाठीमागे ‘तळटीप’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि मीही कधी कळू दिलेलं नाही. एका वर्षी तासाच्या आधी कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं होतं, ‘तळटीप आज उशिरा येणार.’ मी वेळेवर आले, फळा पुसला आणि शिकवायला लागले. खरं सांगायचं तर मला नाव आवडलं. ‘खडूस म्हातारी’पेक्षा कितीतरी बरं, आणि शिवाय त्यात खोटं काही नव्हतं; ‘आधी तळटीप वाचा’ हे माझं रोजचं पालुपद.

मी आर्थिक भूगोल शिकवते. गेली बारा वर्षं त्यातलाच एक विषय माझ्याकडे आहे: इंटरनेटवरून एखाद्या भागाची माहिती कशी शोधायची, आकडे कुठून आणायचे आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा. तिसऱ्या मजल्यावर कम्प्युटरची खोली आहे. बावीस कम्प्युटर, त्यातले चार कायमचे आजारी. मुलांना सुरुवातीला वाटतं की यात शिकायचं काय, शोधायचं आणि चिकटवायचं. म्हणून पहिल्याच दिवशी मी एक सोपा प्रश्न देते: अमुक गावात किती माणसं राहतात? दहा मिनिटांत सात वेगवेगळी उत्तरं येतात. मग मी विचारते, “कुणी मोजली? कधी मोजली? आणि कशाला मोजली?”

माझा सगळ्यात मोठा जाच म्हणजे रिकामा चौकोन. तक्त्यातला चौकोन रिकामा दिसला की मुलं तिथे बिनदिक्कत शून्य टाकतात आणि पुढे जातात. मी त्यांना सांगून सांगून थकले. कोरा चौकोन म्हणजे माहिती आली नाही. आडवी रेघ म्हणजे मोजलं, पण एकही सापडलं नाही. आणि चांदणी म्हणजे आहे, पण सांगणार नाही. गावात एखाद्या धंद्याचे तीनपेक्षा कमी कारखाने असले, तर आकडेवारीचं कार्यालय तिथे आकडा न देता चांदणी छापतं. आकडा दिला तर तो कुणाचा ते लगेच कळेल ना.

“चांदणीमागे माणूस असतो,” मी दर वर्षी सांगते. “बेरजा-वजाबाक्या करून ती फोडायची नाही. कुणी दार लावून घेतलं असेल तर फटीतून डोकावू नये.”

मुलं मान डोलावतात. आणि मी स्वतः गेली कित्येक वर्षं, दर वर्षी, एक चांदणी फोडत आले आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ती चांदणी माझ्या गावाची आहे. आमचं गाव नदीकाठचं, शिंपल्यांच्या बटणांचं. माझ्या लहानपणी तिथे दोनशेच्या वर लहानमोठे कारखाने होते. शिंपले आठवडाभर पाण्यात भिजवायचे, पोकळ नळीच्या करवतीने त्यांतून गोल चकत्या कापायच्या, दगडावर घासून सारख्या करायच्या, दोन किंवा चार भोकं पाडायची आणि मग पाण्याच्या पिंपात घालून दिवसभर फिरवायची, म्हणजे चकाकी येते. बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवर पांढरी धूळ असायची. बटणं बारा-बारा मोजून पुठ्ठ्यावर शिवायचं काम माझ्याकडे आणि दादाकडे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचा पुठ्ठा नेहमी सरळ रांगांचा, माझा वाकडातिकडा. बाबांना कळू नये म्हणून तो माझे पुठ्ठे उसवून परत शिवून द्यायचा.

बाबांनंतर कारखाना दादाने घेतला आणि मी शिकायला बाहेर पडले. लग्न आम्ही दोघांनीही केलं नाही. त्याला वेळ झाला नाही, मला कुणी पटलं नाही. पुढे मी प्रबंध लिहायला घेतला तो आमच्याच गावावर. तीन दिवस मी दादाच्या कारखान्यात प्रश्नावली घेऊन बसले होते. त्याने हातातलं काम थांबवून प्रत्येक प्रश्नाचं विचार करून उत्तर दिलं, दर तासाला चहा केला, आणि जाताना डब्यात भरून बटणं दिली. मी त्या प्रबंधात कुणाचंही नाव घातलं नाही. तसा नियमच आहे. कारखान्यांना फक्त क्रमांक दिले. दादाबद्दल मी लिहिलं: ‘घटक क्रमांक अकरा. मालक एकटा. यंत्रे कालबाह्य. वारस नाही.’ आणि शेवटच्या प्रकरणात लिहिलं की दहा वर्षांत या गावात एकही घटक शिल्लक राहणार नाही.

मला त्या वाक्याबद्दल शाबासकी मिळाली. परीक्षकांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. पुढे तो भाग कुठल्याशा वर्तमानपत्रात छापून आला, आणि ते वर्तमानपत्र गावात पोचलं.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. “घटक क्रमांक अकरा बोलतोय,” पलीकडून आवाज आला. मी हसले. मला वाटलं, चेष्टा करतोय. तो म्हणाला, “तीन दिवस बसलीस. सगळं विचारलंस. यंत्रं किती जुनी, माल किती जातो, वारस कोण. मी थांबणार आहे की नाही, एवढंच नाही विचारलंस.” आणि फोन ठेवला.

त्याला एकोणीस वर्षं झाली.

भांडण म्हणावं तर तेही झालं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, राग गेला की तोच करेल फोन. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता मी कोणत्या तोंडाने करू? पाचव्या-सहाव्या वर्षानंतर वाटेनासंच झालं, नुसती सवय राहिली. मोठं भांडण मिटवता तरी येतं. सवय कोण मिटवणार?

त्याच सुमारास कारखान्यांचे तक्ते इंटरनेटवर यायला लागले. गावागावांचा तक्ता, त्यात धंदेवार आकडे. मी पहिल्या वर्षी सहज आमच्या गावाची ओळ उघडली आणि ‘बटणे’ या रकान्यात सात हा आकडा पाहिला. पुढच्या वर्षी पाच. मग तीन. मग चांदणी. त्या कार्यालयाची एक ढिलाई मला माहीत होती: जिल्ह्याची एकूण बेरीज ते दुसऱ्या एका परिशिष्टात उघडी ठेवतात. त्यातून बाकीची गावं वजा केली की चांदणी फुटते. पहिल्यांदा फोडली तेव्हा उत्तर आलं दोन. त्यानंतर दर वर्षी एक.

तो एक म्हणजे दादा. दुसरा कोण असणार!

दर वर्षी तक्ता आला की मी घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा करून मग कम्प्युटर उघडायची. कागदावर वजाबाकी करायची. एक आला की मोठ्याने म्हणायची, “आहे.” घरात ऐकायला कुणी नसतं, तरी म्हणायची. दहा वर्षं उलटून अकराव्या वर्षीही एक आला, तेव्हा तर मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसले. माझं भाकीत साफ कोसळलं होतं आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्या दिवशी फोन करायला हवा होता. ‘दादा, तू जिंकलास,’ एवढंच म्हणायचं होतं. नंबर मला पाठ आहे. मी त्याऐवजी भांडी घासली.

गेल्या वर्षी कॉलेजच्या लिपिकबाई सगळ्यांची माहिती नव्याने भरून घेत होत्या. ‘जवळचे नातेवाईक’ असा एक रकाना होता. तो मी कोरा सोडला. चार दिवसांनी सहीसाठी कागद परत आला, तर तिथे त्यांनी नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘निरंक’. जन्मभर मुलांना सांगत आले की कोरा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. आणि मी तिथे निमूटपणे सही केली.

यंदाची गोष्ट त्याच लिपिकबाईंपासून सुरू झाली. मी दर वर्षी मुलांना एकेक गाव वाटून देते. एका जुन्या बुटाच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जे गाव येईल त्याने सहा महिने त्या गावाचा माग काढायचा, तिथे न जाता. चिठ्ठ्या मी स्वतः लिहिते आणि आमच्या गावाची चिठ्ठी टाकत नाही. यंदा मला ताप होता, म्हणून चिठ्ठ्या बाईंनी केल्या. त्यांनी यादी पाहून एकही गाव न वगळता सगळ्या लिहिल्या.

आमचं गाव आलं ते शंकेच्या हातात. शंका हे तिचं नाव नव्हे, मी मनात ठेवलेलं. शेवटच्या रांगेत बसणारी किडकिडीत मुलगी, तासाला निदान चार शंका विचारणारी. बाकीची मुलं तिला वैतागतात. मला ती आवडते, पण तसं चेहऱ्यावर दाखवत नाही.

“मॅडम, बटणांचं गाव,” ती चिठ्ठी उलगडून म्हणाली. “तिथे अजून बटणं होतात?”

“शोध,” मी म्हणाले. “मला काय विचारतेस?”

मंगळवारी तास सुरू असताना एक मुलगा ओरडला, “मॅडम, नवा तक्ता आला!” कार्यालयाने या वेळी आठवडाभर आधीच टाकला होता. मुलं उत्साहात. भिंतीवरच्या पडद्याला माझाच कम्प्युटर जोडलेला. आता नाही कसं म्हणणार? मी तक्ता उघडला, रकाने समजावून सांगितले, आणि शंकेने मागून विचारलं, “मॅडम, माझं गाव दाखवता?”

मी ओळ खाली सरकवत नेली. आमचं गाव आलं. बटणे. तिथे चांदणी नव्हती, आडवी रेघ होती.

“रेघ म्हणजे?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“मोजलं, पण एकही नाही,” चार-पाच जण एकदम म्हणाले. चांगलं शिकवलं होतं मी त्यांना.

“बरोबर,” मी म्हणाले आणि तक्ता बंद केला. मग पुढची वीस मिनिटं काय शिकवलं ते मला आठवत नाही. मुलांना काही कळलं नसावं. आम्ही शिक्षक मंडळी वीस मिनिटं झोपेतही बोलू शकतो.

घरी आले ती तशीच खुर्चीत बसले. चहा केला नाही. वजाबाकी करायची गरजच नव्हती. पासष्ट वर्षांचा माणूस, एकटा, फुप्फुसांत जन्मभराची शिंपल्यांची धूळ. मला नको त्या गोष्टी दिसायला लागल्या. कुणी कळवलं का नाही? पण कळवणार कोण, आणि कुणाला? त्याच्याकडेही तसाच कुठला तरी फॉर्म असेल, ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना असलेला. तिथे त्याने काय लिहिलं असेल?

कपाटातून मी तो बटणांचा डबा काढला. एकोणीस वर्षांत त्यातली सहाच वापरली होती. फोन उचलला, नंबरातले पहिले सहा आकडे दाबले आणि ठेवून दिला. कुणी उचललाच नाही तर? किंवा भलत्याच कुणी उचलला तर? जोवर फोन करत नाही तोवर तो आहे, असं काहीतरी माझं चाललं होतं. आकड्यांचा अभ्यास करणारी बाई आणि ही अक्कल! मी खूप रडले. ते सांगायला लाज वाटण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीच्या दारात शंका उभी. हातात कागदांची चळत.

“मॅडम, एक शंका होती.”

“अर्थात,” मी म्हणाले. “बस.”

“मॅडम, काल आपण रेघ बघितली ना, ती मला पटली नाही. मागच्या वर्षी सगळ्या जिल्ह्यात मिळून लहान कारखाने नऊशे होते. यंदा साडेपाचशे. एका वर्षात साडेतीनशे कारखाने कसे बंद पडतील? मोठे तर जिथल्या तिथे आहेत. फक्त लहानच गेले. म्हणून मी तळटीपा वाचल्या.”

‘तळटीपा’ म्हणताना ती किंचित अडखळली आणि लाल झाली. मी दुर्लक्ष केलं.

“नवव्या क्रमांकाची तळटीप आहे. दुसऱ्या पानाच्या एकदम खाली, बारीक अक्षरात.” तिने कागद माझ्यापुढे सरकवला. तिने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. ‘या वर्षापासून फक्त ऑनलाइन भरलेली विवरणपत्रे मोजणीत धरली आहेत. टपालाने पाठवण्याची सोय बंद करण्यात आली आहे.’

मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

“म्हणजे मॅडम, त्यांनी रेघ चुकीची छापली. तिथे कोरा चौकोन हवा होता. ज्यांना ऑनलाइन जमलं नाही ते सगळे शून्य झाले. कारखाना बंद पडला असेल किंवा नसेलही. या तक्त्यावरून आपल्याला काहीच कळत नाही.” ती थांबली. “बरोबर आहे का?”

बरोबर होतं. जी गोष्ट बारा वर्षं मी घसा कोरडा करून शिकवली, ती एका रात्रीत या मुलीने करून दाखवली आणि मी केली नाही. रेघ दिसली आणि मी तक्ताच बंद केला. खाली बघायचं सुचलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “मग आता काय करायचं?”

“तुम्हीच सांगता, इंटरनेट संपलं की फोन उचलायचा. एका जुन्या व्यापारी मंडळाच्या पानावर तिथल्या एका कारखान्याचा नंबर मिळाला. पान चौदा वर्षांपूर्वीचं आहे, नंबर चालू असेल की नाही कुणास ठाऊक.” ती खुर्चीत चुळबुळली. “पण मला अनोळखी माणसाशी बोलायला भीती वाटते. तुमच्यासमोर केला तर चालेल?”

तिने नंबर वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या आकड्यानंतर पुढचे मी मनात म्हणत होते.

“कर,” मी म्हणाले.

तिने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजायला लागली. मी मोजत होते. सातव्या घंटीला माझी आशा सुटली. नवव्या घंटीला खट्ट झालं, आणि आवाजाच्या आधी मागची घरघर ऐकू आली. पाण्याचं पिंप फिरत होतं, बटणं आत आपटत होती.

“बोला,” दादा म्हणाला.

आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच होता. मी टेबलाची कड घट्ट धरली. शंकेने घाईघाईत कॉलेजचं नाव, वर्ग, विषय सगळं एका दमात सांगून टाकलं. “काका, तुमच्या गावातल्या बटणांच्या उद्योगाची माहिती हवी होती.”

“कुठलं कॉलेज म्हणालीस?” त्याने विचारलं.

तिने परत सांगितलं.

“हं. उद्योग म्हणजे मी एकटाच आहे बाळा. विचार काय विचारायचं ते.”

“म्हणजे कारखाना चालू आहे?”

“हे पिंप ऐकू येतंय ना? बंद करू का?”

“नको, नको, असू दे,” शंका म्हणाली. बरं झालं. “काका, पण सरकारी तक्त्यात तुमच्या गावाला बटणांचा एकही कारखाना नाही असं दाखवलंय.”

“दाखवणारच. फॉर्म कुठे भरलाय मी? इतकी वर्षं टपालाने यायचा, चार पानी. बसून भरायचो, परत टाकायचो. या खेपेला नुसतं पत्र आलं. फॉर्म इंटरनेटवर भरा म्हणे. खाली काहीतरी लांबलचक अक्षरं, मधे ठिपके. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, काका, मोबाइलवर होतं. माझा फोन भिंतीवरचा. त्यावर कसं होणार? म्हटलं, जाऊ दे.”

शंका भराभर लिहून घेत होती. मी टेबलाकडे बघत बसले होते. बारा वर्षांत किती मुलांना मी हे ठिपक्यांचे पत्ते उघडायला शिकवलं असेल? तीनशे? आणि माझ्या भावाला एक फॉर्म भरता आला नाही, म्हणून तो नाहीसा झाला.

“बाकीचे भरत नव्हते?”

“बाकीचे आहेत कोण? शेवटचा जोडीदार होता तो मुलाकडे राहायला गेला. माझाही माल गेली सहा वर्षं फारसा जात नाही. कुणी जुन्या कपड्याला चार बटणं मागतं, तेवढंच. पण फॉर्म एकदाही चुकवला नाही.”

शंकेच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता. माझ्याही नव्हता. पण ती शंका होती. “का?” तिने विचारलं.

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज आला.

“एक जण बघत असेल असं मला वाटायचं,” तो म्हणाला. “तिने लिहिलं होतं, दहा वर्षांत इथे काही राहणार नाही. म्हटलं, बघू दे तिला. आधी रागाने भरायचो. मग राग गेला, तरी भरायचो. आमचं तेवढंच राहिलं होतं.”

शंकेने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे, तिने पटकन मान खाली घातली. “काका, तुमचं नाव काय लिहू?”

“नाव नको. घटक क्रमांक अकरा लिही. तुमच्या मॅडमना कळेल.” आणि मग, आवाज जराही न चढवता: “शेजारीच बसली आहे ना ती? कधीचा श्वास ऐकू येतोय. लहानपणी लपाछपीतसुद्धा श्वास कोंडता यायचा नाही. कपाटामागे लपायची आणि घरभर ऐकू यायची.”

मी तोंड उघडलं, तर आधी हुंदकाच आला. “दादा,” मी म्हणाले.

“हं.”

“माझं चुकलं.”

“दहा लिहिली होतीस. एकोणीस झाली.”

“हो.”

“पाहत होतीस ना?”

“दर वर्षी,” मी म्हणाले. “एकही वर्ष चुकवलं नाही. काल रेघ बघितली आणि मला वाटलं, तू...”

“गेलो?” तो हसला आणि ते हसू खोकल्यात गेलं. बराच वेळ खोकला. तो खोकला मला नव्हता माहीत. “एवढं वाटलं तर फोन नाही केलास? नंबर तोच ठेवलाय. लोक म्हणाले, भिंतीवरचा काढून टाका, आता कुणी ठेवत नाही. मी नाही काढू दिला.”

मी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

“पुढच्या फॉर्मची मुदत महिनाअखेर आहे,” मी म्हणाले. “मी येते. कम्प्युटर घेऊन येते, आपण दोघं बसून भरू.”

“ये,” तो म्हणाला. “पण आता तक्त्याची वाट बघत बसू नकोस. या खोकल्याचा रकाना नसतो त्यात.” आणि त्याने फोन ठेवला. निरोपाचं बोलायची त्याला कधीच सवय नव्हती.

पिंपाची घरघर थांबल्यावर कळलं की मी तिच्याकडेच कान लावून बसले होते. शंका खुर्चीच्या टोकावर बसली होती. उठून जावं की थांबावं, हे तिला कळत नव्हतं. तिने कागद सारखे केले, परत विस्कटले, परत सारखे केले. मग माझ्याच शिकवणुकीने तिला सोडलं नाही.

“मॅडम,” ती अगदी हळू म्हणाली, “कारखाने एक, असं लिहिलंय. पण स्रोताचा रकाना राहिला. तो कोरा नाही ना ठेवायचा?”

“नाही,” मी म्हणाले. “कोरा नाही ठेवायचा.”

“मग काय लिहू?”

“माझा दादा,” मी म्हणाले. “आणि पुढे आजची तारीख टाक.”